आग लावून गार करायचा धंदा

ठाण्यात राहून कॅराव्हॅनचे फ्रिज दुरुस्त करतो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग गंभीर होऊन विचारतो, "ते ठीक आहे हो, पण पोटापाण्याला काय करता?" माझे सासरे शेवटपर्यंत पाहुण्यांना "जावई एसीत आहेत" असंच सांगत राहिले. त्यांना वाटायचं, फ्रिज म्हणजे कमीपणा आणि एसी म्हणजे ऑफिस.

मी कळव्याचा. खाडीजवळ माझी शेड आहे. आधी घरगुती फ्रिज केले, मग आइस्क्रीमवाल्यांच्या पेट्या केल्या, आणि घोडबंदर रोडवर पैसेवाल्यांच्या दारात कॅराव्हॅन उभ्या राहायला लागल्या तसा त्यांच्यात शिरलो. कॅराव्हॅन म्हणजे पलंग, ओटा, संडास आणि फ्रिज असलेली गाडी. थोडक्यात एक खोली, जिला चाकं असतात आणि शेजारी नसतात. तीन बेडरूमचा फ्लॅट घ्यायला माणूस आयुष्य घालवतो आणि मग तो फ्लॅट बंद करून या खोलीत राहायला जातो. त्याला सुट्टी म्हणतात.

घरातला फ्रिज मागच्या कॉम्प्रेसरवर चालतो. तो घरघरतो, वीज खातो, पण थोडा वाकडा उभा असला तरी कुरकुर करत नाही. गाड्यांमधले हल्लीचे बरेच फ्रिज तसेच, फक्त बॅटरीवर चालणारे. जुन्या पद्धतीच्या, बाहेरून मागवलेल्या फ्रिजांत मात्र कॉम्प्रेसरच नसतो. त्यांच्या मागे गॅसची बारीक ज्योत पेटते आणि आत बर्फ जमतो. हे ऐकून लोक माझ्याकडे मी प्यायलोय की काय अशा नजरेने बघतात. पण आहे ते असं : बंद नळ्यांमध्ये अमोनिया आणि पाणी असतं. ज्योतीने अमोनिया उकळून वर जातो, वर निवतो, खाली येताना फ्रिजमधली उष्णता ओढून घेतो आणि पुन्हा पाण्यात मुरतो. आवाज नाही, हलणारा एकही भाग नाही. गॅस नको असेल तर विजेवर किंवा बॅटरीवर आतली हीटरची कांडी तेच काम करते. अट एकच, फ्रिज समपातळीत हवा. आतलं सगळं उतारानेच वाहतं. गाडी कलली की ते अडतं आणि फ्रिज मुकाट्याने कोमट होतो.

दुरुस्ती म्हणाल तर बऱ्याचदा दुरुस्ती नसतेच. बाहेरच्या जाळीत गांधीलमाशीने घर केलेलं असतं, बर्नरच्या भोकात कोळी बसलेला असतो, धुराड्यात काजळी असते. ते साफ करायचं, झालं. फ्रिज फारच रुसला तर काढून उलटा करून ठेवायचा, आतलं साचलेलं सुटतं. आम्ही त्याला शीर्षासन म्हणतो. काही जण शीर्षासनाने खरोखर सुधारतात. पिवळा डाग आणि अमोनियाचा वास आला तर मात्र आतली नळीच फुटलेली असते, हात जोडायचे.

बिघाड फ्रिजमध्ये कमी आणि मालकात जास्त असतो, हे मला डोंबिवलीच्या एका जोडप्याने पहिल्यांदा नीट शिकवलं. दोघं गाडीतून फिरायचे आणि त्याचे व्हिडिओ टाकायचे. तक्रार अशी की फ्रिज बॅटरी पितो. मी गेलो तर बॅटरीवर कॉफीचं मशीन, चेहऱ्यावर उजेड पाडायचा गोल दिवा, ड्रोनचा चार्जर आणि पोरीचं केस सरळ करायचं यंत्र. या सगळ्यांत बिचारा फ्रिज हाच सगळ्यात कमी खाणारा होता. मी तसं सांगितलं. पोरगा म्हणाला, "काका, फ्रिज बंद ठेवला तर चालेल ना? आत तसंही काही नसतं. व्हिडिओपुरते अ‍ॅव्होकाडो ठेवतो." मग त्याने मलाच व्हिडिओत घेतलं. खाली शीर्षक दिलं, 'एसीवाले काका'. सासऱ्यांचा आत्मा शांत झाला असणार.

आता करंदीकरांची गोष्ट सांगतो, कारण ती सांगण्यासाठीच हे लिहायला बसलोय.

करंदीकर काका नौपाड्यातले. विमा कंपनीतून निवृत्त. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अपघातांचे कागद तपासले, त्यामुळे कुठे काय होऊ शकतं याचं त्यांना फार बारीक ज्ञान. घरात ते आणि काकू. एका हॉटेलवाल्याने हौसेने बांधून घेतलेली कॅराव्हॅन त्यांनी जुनी विकत घेतली. फ्रिज गॅसवर चालणारा, माझ्या आवडीचा. गाडी आणून सोसायटीच्या आवारात लावली आणि दुसऱ्याच दिवशी मला फोन : "फ्रिज गार होत नाही."

मी गेलो. आवार गटाराच्या बाजूला उतरतं, गाडी कललेली. म्हटलं, "काका, खालच्या चाकांखाली लाकडी फळ्या सरकवा, झालं काम." काका पडले व्यवस्थित माणूस. त्यांनी गवंडी बोलावून सिमेंट-विटांचे दोन छान ओटे बांधून घेतले, वर गिलावा, कडा गोल. गाडी त्यांवर चढवली. फ्रिजमध्ये बर्फ जमला आणि सोसायटीत आग लागली.

अध्यक्ष होते लेले. सूचनाफलकावर सुंदर अक्षरात सूचना लागली : 'आवारात सभासदाने विनापरवाना बांधकाम केल्याचे निदर्शनास आले आहे.' काका म्हणाले, "ते वाहन आहे." लेले म्हणाले, "वाहन वरती आहे. खाली बांधकाम आहे. म्हणजे बांधकामावर बांधकाम आहे." लेल्यांनी महापालिकेत तक्रारही केली. चौकशीला एक गृहस्थ आले, गाडीत चढले, पलंगावर बसून बघितलं, काकूंच्या हातचा चहा घेतला आणि जाताना म्हणाले, "चाकं आहेत तोवर गाडी. चाकं काढलीत तर मला बोलवा."

पण गाडी काही हलेना.

काकूंची थोरली बहीण बेळगावला. काकूंना तिच्याकडे जायचं होतं, गाडी घेण्याचं कारण तेच. मी जाळी साफ करत होतो तेव्हा काकूंनी मला सरळ सांगितलं. "म्हात्रे, तिला गुडघ्यांनी घरात बसवलंय आणि मला या मधुमेहाने. लोकांना वाटतं बाई थकली म्हणून फिरत नाही. थकायला काय झालंय? मला सारखं बाथरूमला जावं लागतं. बसमध्ये कोणाला सांगू, थांबव रे बाबा म्हणून? आणि इन्सुलिन गार ठेवायला लागतं. या गाडीत बाथरूम आहे, फ्रिज आहे. मला अजून काय हवं?"

मी माझ्या कामाबद्दल खूप मोठमोठं बोलतो, पण इतक्या वर्षांत फ्रिज कशासाठी असतो हे मला कोणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. मी मागे एक छोटा पंखा जादा बसवला, उन्हाळ्यातही आत थंडावा टिकेल असा. आता बिघडायला काही उरलंच नव्हतं.

तरी निघायचा दिवस जवळ आला की काकांचा फोन यायचाच. फ्रिज गार होत नाही. मी जायचो, बघायचो, फ्रिज गारच असायचा. एकदा त्यांनी दरवाजा उघडा ठेवून थर्मामीटर लावला होता. एकदा गॅस बंद होता. एकदा तर ते म्हणाले, "गार आहे, पण मनापासून गार नाही." मी म्हणायचो, "काका, बघण्यासारखं काही नाही, बिनधास्त निघा." ते काकूंना जाऊन सांगायचे, "म्हात्रे म्हणतायत अजून बघावं लागेल." काकू माझ्याकडे बघायच्या. मी धुराड्याकडे बघायचो. मग गणपती यायचे, मग दिवाळी, मग कोणाची तरी मुंज.

अशात मे महिन्यात त्यांच्या गल्लीतली भूमिगत केबल जळाली. दोन दिवस वीज नाही. इमारतीतले सगळे फ्रिज बंद पडले आणि आवारात ओट्यांवर उभा असलेला एकच फ्रिज गॅसवर मस्त चालू. आधी तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी नातवाचं दूध आणलं. मग कोणी लोणी, कोणी श्रीखंड, कोणी डोळ्यांचे थेंब. काकूंनी सगळ्यांना जागा दिली. वीज आली, पण डबे गेले नाहीत. लोकांना सवय झाली. घरातला फ्रिज भरला की "काकूंच्याकडे ठेवून ये" असं घराघरांत ऐकू यायला लागलं. सूचनाफलकावरचा कागद कोणीतरी काढला. लेले रोज संध्याकाळी गाडीची 'पाहणी' करायला येऊ लागले, एकटेच.

पाहणी कसली ते मला कळलं. गॅसची नळी तपासायला मी गेलेलो, फ्रिज उघडला आणि थांबलो. माझं नाक खाडीवर वाढलेलं. कोपऱ्यात प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेला डबा होता. त्यात तळलेल्या सुरमईच्या तुकड्या. इमारत अशी की कांदासुद्धा चातुर्मासात जिना चढत नाही. मागे वळलो तर दारात लेले.

"म्हात्रे," ते हळूच म्हणाले, "तुम्ही समजू शकता."

"मला काय, मी रोज खातो," मी म्हटलं.

"डॉक्टरांनी ओमेगा सांगितलंय. आमच्या हिला ओमेगा समजत नाही."

मी डबा होता तिथे ठेवला. ओमेगा चांगली ताजी होती.

मग पावसाळ्यानंतर काकूंनी स्वतःच तारीख ठरवली आणि बहिणीला फोन करून कळवून टाकली. झालं, सोसायटीची तातडीची सभा आवारातच भरली. मीही होतो, निघण्याआधीची तपासणी म्हणून काकूंनी मला बोलावलेलं. ज्या गाडीच्या येण्याला विरोध होता, त्याच गाडीच्या जाण्याला आता विरोध होता. "आमच्या दुधाचं काय?" "सणासुदीचे दिवस आहेत, निदान दिवाळी होऊ द्या." लेले म्हणाले, "ही गाडी आता एका सभासदाची राहिलेली नाही. ती सार्वजनिक सुविधा आहे." आणि आपली स्कूटर त्यांनी फाटकात आडवी लावून ठेवली होती.

करंदीकर काकांच्या चेहऱ्यावर मी इतकं समाधान कधी पाहिलं नव्हतं. "लोकांची गैरसोय करून आपण कसं जायचं?" ते काकूंना म्हणाले. "शिवाय म्हात्र्यांना फ्रिजमध्ये काहीतरी..."

काकू माझ्याकडे वळल्या. "म्हात्रे, फ्रिज बिघडलाय?"

काका त्यांच्या मागे उभे राहून मला मानेने 'हो म्हणा, हो म्हणा' करत होते. सगळी सोसायटी माझ्याकडे बघत होती.

"नाही काकू," मी म्हणालो. "कधीच बिघडला नव्हता."

काकू गाडीत चढल्या आणि एकेक डबा बाहेर आणून आवाराच्या कठड्यावर मांडायला लागल्या. "हे दूध तुमचं. हे श्रीखंड तुमचं. हे थेंब तुमचे, आणि यांची तारीख संपलीये, घालू नका डोळ्यात." लोक मुकाट्याने आपापलं घेऊन बाजूला होत होते. शेवटी पिशव्यांत गुंडाळलेला एक डबा उरला. काकूंनी तो हातात घेतला आणि सगळ्यांकडे बघितलं. लेलेवहिनी पुढच्याच रांगेत उभ्या होत्या.

"हा एक उरला," काकू म्हणाल्या. "उघडून बघू का कोणाचा आहे ते?"

"कशाला, कशाला!" लेले इतक्या मोठ्याने म्हणाले की कबुतरं उडाली. "उघडायची काही गरज नाही. मांजराचा असेल."

"आपल्याकडे मांजर कुठेय?" लेलेवहिनींनी विचारलं.

"येतं कधीकधी." मग सभेकडे वळून ते म्हणाले, "मला वाटतं आपण फार ताणून धरतोय. दोन बहिणींची भेट आहे, आपल्या संस्कृतीत याला किती महत्त्व आहे! सोसायटीतर्फे मी प्रवासाला शुभेच्छा देतो." आणि त्यांनी स्वतः जाऊन स्कूटर बाजूला केली. काकूंनी डबा माझ्या पिशवीत टाकला. सोसायटीने मला दिलेलं एवढं एकच बक्षीस.

आता फक्त निघायचं होतं. काका चालकाच्या सीटवर बसले. फ्रिज बॅटरीवर कसा घ्यायचा ते दाखवायला मी शेजारी बसलो. किल्ली लावलेली, हात तिच्यावर, आणि हात फिरेना. मला वाटलं अजून एखादी सबब येणार. काका समोर बघत हळू आवाजात म्हणाले, "म्हात्रे, या गल्लीत कोपऱ्यावर डॉक्टर आहेत. हिची साखर उतरली तर मी चपला न घालता धावतो. दोनदा धावलोय. त्या घाटात मी कुठे धावू?"

इतके महिने मी या माणसाला मनातल्या मनात हसत होतो, आणि तो घाबरत होता ते गाडीला नाही.

मागून काकूंचा आवाज आला. "अहो, घाटात तुम्ही कशाला धावताय? गाडी चालवायची सोडून? साखर माझ्या पर्समध्ये आहे, बिस्किटं गाडीतल्या ओट्यावर आहेत, आणि वाटेत डॉक्टर कुठे कुठे आहेत ते मी लिहून भिंतीला चिकटवलंय. चला आता. ताईने दुपारपासून खिडकीत खुर्ची टाकलीये, आपण आज पोचणार नाही हे सांगूनसुद्धा."

काकांनी किल्ली फिरवली.

कळवा नाक्यावर त्यांनी मला उतरवलं. घरी जाऊन सुरमईचा डबा उघडला आणि बायकोला सगळं सांगितलं. तिने तुकडी हातात घेतली, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आनि मना कवा नेशील?" मी लोकांच्या कितीतरी गाड्या प्रवासाला तयार करून दिल्या. स्वतः त्यातल्या एकीत बसून मुंब्र्याच्या पुढेही कधी गेलो नाही. तिला म्हटलं, बघू. ती म्हणाली, तो करंदीकर पन असाच 'बघू' बोलत व्हता.

ते बेळगावला पोचले, हळूहळू, मुक्काम करत. दिवाळी तिकडेच झाली. परतले तेव्हा थंडी सुरू झाली होती. काकांचा फोन आला : "म्हात्रे, गॅस बघायचाय, पण घरी येऊ नका. तीन हात नाक्याच्या अलीकडे रस्त्यावर उभे आहोत."

झालं असं होतं की गाडी गेल्यावर लेल्यांनी काकांचे ते ओटे कुंड्यांनी भरून टाकले होते. तुळस, झेंडू, मधे एक बाकडं. वर पाटी, 'सोसायटी उद्यान'. मला वाटलं काका संतापले असतील, विमा कंपनीच्या भाषेत लेल्यांना पत्र लिहीत असतील. पण ते स्टिअरिंगवर हात ठेवून मजेत बसले होते. चेहरा उन्हाने रापलेला. म्हणाले, "गाडी लावायला जागाच नाही हो! आता झाडं उपटायची का? नाइलाज आहे. जावंच लागणार आम्हाला परत." नाइलाजाने इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मी ज्योत बघितली. निळी, सरळ, देखणी. बर्नर फुंकून साफ केला, जाळी लावली आणि सांगायला आत डोकावलो. काकू इन्सुलिनचा डबा फ्रिजमध्ये ठेवत होत्या. खिडकीशी, पलंगावर पाय लांब करून, एक गोऱ्या, ठसठशीत बाई बसल्या होत्या. गुडघ्यांना गरम पट्टे बांधलेले, हातात चहा. बहिणीला तिथे ठेवून येण्याऐवजी काकूंनी तिलाच उचलून आणलं होतं.

"हे म्हात्रे," काकू म्हणाल्या.

त्या बाईंनी मला चष्म्यावरून नीट न्याहाळलं. "म्हणजे ते तुम्हीच का? गेलं वर्षभर फोनवर एकच ऐकतेय मी. येणार होतो हो, पण त्या म्हात्र्यांचा फ्रिजच गार होत नाही. अहो, एक फ्रिज दुरुस्त करायला इतका वेळ लागतो माणसाला?"

पुढच्या सीटवर काका एकदम आरसा पुसायला लागले. काकू माझ्याकडे बघत होत्या, ओठ घट्ट मिटून, हसू दाबत.

"हो ताई," मी म्हणालो. "फार हट्टी बिघाड होता."